प्रॉडक्ट मॅनेजर : एका व्यवसायाची ओळख आणि त्यात शिरण्याची वाट



'प्रॉडक्ट मॅनेजर' हा शब्द अलीकडे आपल्या कॉलेजच्या आवारातही बराच ऐकू येतो. बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी असो, बी. सी. ए.ची विद्यार्थिनी असो, की एम. एस्सी. करून पुढे काय अशा विवंचनेत असलेला कोणी असो, मी सुटीत बेळगावला आलो की "सर, त्यासाठी कोणता कोर्स करावा लागतो?" हा प्रश्न हमखास विचारला जातो. ह्या प्रश्नातच एक गैरसमज दडलेला आहे. डॉक्टर व्हायला ज्याप्रमाणे वैद्यकीय पदवी लागते, वकिलीला सनद लागते, तशी ह्या व्यवसायाला कोणतीही एक पदवी लागत नाही. आणि कोणतीही एक पदवी तो मिळवूनही देत नाही. मी स्वतः ह्याच कॉलेजचा वाणिज्य शाखेचा पदवीधर. गेली बारा वर्षे बंगळूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्यांतली पहिली तीन गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या विभागात गेली आणि त्यानंतर प्रॉडक्ट मॅनेजर म्हणून काम करतो आहे. संपादकांनी लेख मागितला तेव्हा एकच अट घातली, की 'यशस्वी कसे व्हाल' ह्या छापाचे काही नको. ती अट मला सोयीची वाटली.

आधी हे काम नेमके काय, ते पाहू. कोणतीही वस्तू घ्या, साबण असो, पाण्याचा पंप असो की मोबाइलवरचे ॲप असो. ती बनवणारे इंजिनिअर असतात, तिला रूप देणारे कलाकार असतात, विकणारे विक्रेते असतात, पैशाचा हिशेब ठेवणारे असतात. प्रत्येकाला आपापला भाग उत्तम ठाऊक असतो. पण ही वस्तू कोणासाठी करायची, त्या माणसाची अडचण नेमकी कोणती, आधी काय करायचे आणि काय मुळीच करायचे नाही, हे प्रश्न कोणा एकाच्याच भागात येत नाहीत. ते ज्याच्या वाट्याला येतात तो प्रॉडक्ट मॅनेजर.

आपल्याकडच्या लग्नघरात एक काका असतात. ते वधूपिता नसतात, पैसा त्यांचा नसतो, आचारी त्यांचे नोकर नसतात. तरी साखर संपली की आचारी त्यांनाच विचारतो, वऱ्हाडाची गाडी कुठे अडकली हे त्यांनाच ठाऊक असते, आणि पंगत अर्धा तास पुढे ढकलायची की नाही हेही शेवटी तेच ठरवतात. लोक त्यांचे ऐकतात ते अधिकारामुळे नव्हे. त्यांना खरोखरच सर्वांपेक्षा जास्त माहिती असते म्हणून. प्रॉडक्ट मॅनेजर हा कंपनीतला तो काका. नावात 'मॅनेजर' असला तरी पुष्कळदा त्याच्या हाताखाली एकही माणूस नसतो. ज्यांना हुकूम सोडण्याची हौस आहे त्यांनी ह्या वाटेला न जाणेच बरे.

ही कल्पना काही संगणकाबरोबर जन्मलेली नाही. १९३१ सालच्या मे महिन्यात अमेरिकेतल्या प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत नील मॅक्एलरॉय नावाच्या सव्वीस वर्षांच्या तरुणाने वरिष्ठांना तीन पानांचे एक टिपण लिहिले. त्याच्याकडे 'कॅमे' साबणाच्या जाहिरातीचे काम होते, आणि कॅमेला बाहेरच्या साबणांशी झुंजायचे होते तसेच घरच्या 'आयव्हरी'शीही. आयव्हरी हा घरातला थोरला मुलगा. सगळ्यांचे लक्ष त्याच्याकडे. मॅक्एलरॉयची मागणी अशी, की प्रत्येक साबणाला स्वतःचा असा माणूस द्या. कोणत्या भागात खप घसरला हे त्याने पाहावे, तिथे स्वतः जाऊन दुकानदारांशी आणि गिऱ्हाइकांशी बोलावे, कारण शोधावे, उपाय आखावा आणि तो लागू पडला की नाही हेही त्यानेच तपासावे. हाच मॅक्एलरॉय पुढे कंपनीचा अध्यक्ष झाला आणि १९५७ ते १९५९ ह्या काळात अमेरिकेचा संरक्षणमंत्रीही होता. ते असो. मला त्या टिपणातले एवढेच महत्त्वाचे वाटते, की त्यातला माणूस टेबलाशी बसून राहत नाही, उठून गावाला जातो.

सॉफ्टवेअरच्या धंद्याने ही रीत पुढे उचलली. अमेरिकेतल्या इन्ट्युइट कंपनीचे लोक घरगुती हिशेबाचा 'क्विकन' हा कार्यक्रम विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकाची परवानगी काढून त्याच्यामागोमाग त्याच्या घरी जात, मागे बसत आणि तो कुठे अडखळतो हे नुसते पाहत. आपल्याकडची 'टॅली' बहुतेक वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना माहीत असते. तिचा जन्म मात्र पुष्कळांना ठाऊक नसतो. श्यामसुंदर गोएंका यांना स्वतःच्या व्यवसायाचे हिशेब ठेवायला मनासारखा कार्यक्रम मिळेना, म्हणून त्यांनी मुलाला, भरत गोएंका यांना, तो लिहायला सांगितले, आणि १९८६ साली त्यातून कंपनी उभी राहिली. म्हणजे इथे पहिले गिऱ्हाईक घरातच होते, आणि ते चुका काढायला संकोच करणारे नव्हते.

आता एक उदाहरण असे घेतो, की जे आपण रोज पाहतो. खडेबाजारात किंवा गणपत गल्लीत कोणत्याही दुकानापुढे पाच मिनिटे उभे राहा. पैसे मिळाल्याचे मोठ्याने सांगणारा तो लहानसा डबा ऐकू येईल. यूपीआय २०१६ साली सुरू झाले. दुकानदाराने चौकोनी कोड छापलेला कागद भिंतीला चिकटवला, गिऱ्हाइकाने त्यावर फोन रोखला, पैसे गेले. योजना म्हणून सारे चोख. पण गल्ल्याच्या आतल्या बाजूला उभे राहून पाहा. संध्याकाळची गर्दी आहे, दुकानदाराचे हात पिठाचे किंवा तेलाचे आहेत, बँकेचा संदेश कधी लगेच येतो तर कधी दहा मिनिटांनी. पुष्कळदा गल्ल्यावर पोऱ्या असतो आणि पैसे जमा झाल्याचा संदेश येतो मालकाच्या फोनवर. मालक गेलेला असतो मार्केट यार्डात. एखादा लबाड माणूस जुन्या व्यवहाराचे चित्र दाखवून माल घेऊन निघून जातो. ह्या साऱ्यावर उत्तर म्हणून आलेल्या डब्यात तंत्राच्या दृष्टीने अचंबा वाटावा असे काही नाही: एक सिम, एक बॅटरी, एक कर्णा. तो आकडा मराठीत, कन्नडमध्ये, दुकानदार म्हणेल त्या भाषेत बोलतो. दुकानदाराला मान वर करावी लागत नाही, पोऱ्याला मालकाला फोन लावावा लागत नाही, आणि रांगेतल्या सर्वांसमक्ष हिशेब पुरा होतो.

पण गोष्ट इथेच संपत नाही. जानेवारी २०२० पासून यूपीआयच्या व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क घेणे बंद झाले. मग ही सेवा देणाऱ्या कंपन्यांनी कमवायचे कशावर? डब्याला महिन्याचे भाडे असते. शुल्काला नाराज होणारा दुकानदार भाडे देतो, कारण भाड्याच्या मोबदल्यात त्याला काय मिळते हे त्याला ऐकू येते. गरज खरी आहे का, वस्तू करता येण्याजोगी आहे का, आणि ती करणाऱ्याचे पोट भरेल का, ह्या तीन प्रश्नांची उत्तरे एकाच ठिकाणी जुळवणे हेच ह्या व्यवसायाचे मर्म. तिन्ही जुळणे किती कठीण हे पाहायचे तर टाटा नॅनो आठवा. पावसात स्कूटरवरून जाणारे चौघांचे कुटुंब पाहून सुचलेली ती कल्पना. निरीक्षणात खोट नव्हती. २००९ साली गाडी रस्त्यावर आली. त्याआधी कारखाना सिंगूरहून साणंदला हलवावा लागला होता, इतरही अडचणी आल्या. पण स्कूटर सोडून गाडी घेणाऱ्या कुटुंबाला गाडीबरोबर थोडी प्रतिष्ठाही हवी असते, आणि 'सर्वांत स्वस्त गाडी' ही ओळख नेमकी तिच्या आड आली. रतन टाटांनीही पुढे हे बोलून दाखवले. २०१८ साली तिचे उत्पादन थांबले.

आता वाटेविषयी. समोरचे दार अरुंद आहे हे आधीच सांगून टाकतो. गूगलने २००२ साली नुकत्याच पदवी घेतलेल्या तरुणांना थेट प्रॉडक्ट मॅनेजर म्हणून तयार करण्याची योजना सुरू केली, आणि पुढे इतर कंपन्यांनीही तशा योजना काढल्या. पण त्यांतल्या जागा मोजक्या असतात, आणि त्या बहुधा नामांकित संस्थांच्या आवारातच भरल्या जातात. आपल्यासारख्या गावातल्या विद्यार्थ्याने अर्ज जरूर करावा, पण त्यावर सगळी भिस्त ठेवू नये. ह्या व्यवसायातली कितीतरी माणसे बाजूच्या दाराने आत आलेली असतात. कोणी सॉफ्टवेअरची चाचणी घेत होते, कोणी गिऱ्हाइकांच्या तक्रारी सोडवत होते, कोणी विक्री करीत होते, कोणी प्रोग्रॅम लिहीत होते. ह्या सर्व कामांत एक गोष्ट सारखी आहे. तिथे बसलेल्या माणसाला वस्तूची खरी अडचण कंपनीच्या संचालकांच्या आधी कळते. ती त्याने नुसती पुढे ढकलली तर तो दहा वर्षे तिथेच राहतो. ती मोजली, तिचे कारण शोधले आणि उपायासह एका पानात मांडली, की लोक त्याला बैठकीला बोलावू लागतात.

तेव्हा पहिल्या नोकरीचे नाव 'प्रॉडक्ट' असावे हा हट्ट धरू नका. लहान कंपनी चालेल, मात्र ती स्वतःची वस्तू करणारी असावी, आणि तुमचा संबंध ती वस्तू वापरणाऱ्याशी यावा. ही वस्तू सॉफ्टवेअरच असली पाहिजे असेही नाही. आपल्या उद्यमबागेत फौंड्र्या आहेत, हायड्रॉलिकचे भाग करणारे कारखाने आहेत. अशा कारखान्यात गिऱ्हाइकाला हवे ते डिझाइन विभागाला समजावून देणारा जो माणूस असतो तो ह्याच जातीचा. त्याच्या पत्रिकेवर वेगळे काही लिहिलेले असेल एवढेच.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एका कनिष्ठ जागेसाठी मुलाखती होत्या आणि मी मुलाखत घेणाऱ्यांत होतो. बहुतेक उमेदवारांनी एखाद्या प्रसिद्ध ॲपमध्ये सुधारणा सुचवणारी रंगीत पाने आणली होती. तीन जणांनी एकाच ॲपला एकच सुधारणा सुचवली. तिघांचा कोर्स एकच असावा. मग एक मुलगी आली. निपाणीकडची, बी. कॉम., दुकानांत बिलिंगचे सॉफ्टवेअर बसवून देण्याचे काम करीत होती. तिने पुढे ठेवले ते वहीचे एक पान.

बेळगावात शिकत असताना ती ज्या खानावळीत जेवायची तिथे रोज रात्री चपात्या उरत, आणि एखाद्या दिवशी नेमक्या कमी पडत. खानावळवाल्या काकूंचे म्हणणे, पोरे खाडा सांगत नाहीत, आणि सांगितलाच तर रात्री आठला. उपाय उघड दिसतो, की खाडा सांगण्यासाठी एक ॲप करावे. तिच्या एका संगणकवाल्या मित्राने ते करून द्यायची तयारीही दाखवली होती. हिने आधी आठ दिवस नुसते पाहिले. काकूंना विचारले, आकडा किती वाजेपर्यंत कळायला हवा? त्या म्हणाल्या, सहापर्यंत. मग तिने चपात्या लाटणाऱ्या दोघी बायकांना कन्नडमध्ये हेच विचारले. त्या म्हणाल्या, आम्ही कणीक चारलाच भिजवतो, सहाला कळून काय उपयोग! त्यानंतर ती मुलांकडे गेली. खानावळीचा नियम असा होता, की सलग तीन दिवसांचा खाडा असेल तरच पैसे वजा. म्हणजे एका संध्याकाळी मित्राकडे जेवायला जाणाऱ्याला खाडा सांगून काहीच मिळत नव्हते. तो कशाला सांगेल? ॲप निघाले असते तर आठ दिवस सर्वांनी हौसेने वापरले असते आणि नवव्या दिवसापासून कोणी उघडले नसते.

तिने नियमच बदलायचे सुचवले. दुपारी साडेतीनच्या आत सांगितलेला सुटा खाडा मांडून ठेवायचा, आणि असे पाच खाडे झाले की पाहुण्याचे एक ताट फुकट. सांगायची रीत अशी, की दुपारी जेवायला आलेल्याने दाराजवळच्या पाटीवर आपल्या नंबरापुढे खडूने फुली मारायची. काकू तयार होईनात. फुकट ताट म्हणजे तोटा. हिने पंधरा दिवस उरलेल्या चपात्या मोजल्या, पिठाचा आणि गॅसचा हिशेब मांडून दाखवला, तेव्हा त्या एका महिन्यापुरत्या कबूल झाल्या. पहिल्या आठवड्यात पाटी फुल्यांनी भरली, दुसऱ्यात निम्म्यावर आली. का? तर ज्यांचे दुपारचे डबे खोलीवर जात ती मुले पाटीपर्यंत येतच नव्हती. पहिला आठवडा नुसता उत्साहाचा होता. मग ठरले, की रात्री यायचे नसेल त्याने रिकामा डबा परत देताना झाकण उलटे लावायचे. डबे तीनपर्यंत परत येत. काम झाले.

पानाच्या तळाशी तिने काय करायचे नाही तेही लिहिले होते: फोनवरून पैसे भरण्याची सोय, उद्याची भाजी कोणती यावर मतदान, जेवणाला गुण. तिन्हींची मागणी मुलांनी केली होती, आणि तिन्हींपुढे 'आत्ता का नाही' याचे एकेक वाक्य होते. ती जागा तिला मिळाली.

मला वाटते, ह्या एका पानात पुष्कळ काही आहे. विशेषतः काकूंचे 'सहा' आणि बायकांचे 'चार' यांतला फरक. खरे उत्तर प्रत्यक्ष काम करणाऱ्याकडे होते, आणि ते त्यांच्या भाषेत विचारल्यावर मिळाले. आपल्या सीमाभागातली मुले घरी एक भाषा बोलतात, बाजारात दुसरी, वर्गात तिसरी. त्याची आपल्याला काही किंमत वाटत नाही. बंगळूरच्या काचेच्या इमारतींत मात्र दुकानदाराशी किंवा शेतकऱ्याशी त्याच्या बोलीत बोलून, त्याने न सांगितलेलेही समजून घेणारी माणसे शोधावी लागतात. इंग्रजी टाळता येणार नाही, हेही स्पष्ट सांगतो. कामाचे लिखाण बहुतेक इंग्रजीतच चालते; ते साधे आणि बिनचूक असले म्हणजे पुरे, फर्डे असण्याची गरज नाही.

तयारी कशाची करावी? लिहिण्याची, सर्वांआधी. ॲमेझॉन कंपनीत २००४ पासून वरिष्ठांच्या बैठकींत पडद्यावर मुद्दे दाखवण्याऐवजी सलग वाक्यांत लिहिलेले टिपण वापरतात आणि बैठकीच्या सुरुवातीला सारे ते शांतपणे वाचतात. मुद्द्यांच्या आड अर्धवट विचार लपतो. पूर्ण वाक्यात तो उघडा पडतो. दुसरी तयारी आकड्यांची. स्प्रेडशीट चांगली यायला हवी, आणि साठवलेल्या माहितीला प्रश्न विचारण्याची एसक्यूएल ही भाषा, जी मन लावून बसले तर महिना-दोन महिन्यांत कामापुरती येते. पण सूत्रांपेक्षा संशय महत्त्वाचा. 'गिऱ्हाईक महिन्यात सरासरी दहा वेळा ॲप उघडते' असे कोणी सांगितले, तर निम्मे वीस वेळा उघडतात आणि निम्मे कधीच उघडत नाहीत असे तर नाही ना, हे विचारता आले पाहिजे. प्रोग्रॅम लिहिता आलाच पाहिजे असे नाही. तो कसा बनतो, कुठे वेळ लागतो आणि का, हे इंजिनिअरला न चिडवता विचारता यावे. आता तर संगणकाला साध्या भाषेत सांगून एका दुपारी कामचलाऊ नमुना उभा करता येतो, त्यामुळे 'मला प्रोग्रॅमिंग येत नाही' ही सबब संपली. मात्र त्याने त्या खानावळीचे ॲपही एका दुपारीच झाले असते, हे लक्षात असू द्या.

पुस्तके दोन सांगतो. डोनाल्ड नॉर्मन यांचे 'द डिझाइन ऑफ एव्हरीडे थिंग्ज', जे १९८८ साली वेगळ्या नावाने प्रथम निघाले, आणि मार्टी केगन यांचे २००८ सालचे 'इन्स्पायर्ड'. पहिले वाचल्यावर दार ढकलायचे की ओढायचे ह्याचा घोटाळा झाला तर माणूस स्वतःला दोष देत नाही, दाराकडे पाहू लागतो. लाखाच्या घरात फी घेऊन नोकरीची आशा दाखवणाऱ्या कोर्सांबद्दल माझे मत चांगले नाही. शिकवतात ते चुकीचे नसते. पण निम्मे त्या दोन पुस्तकांत मिळते आणि उरलेले निम्मे वर्गात बसून येतच नाही. घरच्यांनी कर्ज काढून ती फी भरण्याआधी त्यांना एवढे सांगाच.

प्राध्यापक मंडळींना एक विनंती. शेवटच्या वर्षाचे प्रकल्प कसे तयार होतात हे आपण सर्व जाणतो; झेरॉक्सच्या दुकानात जुने अहवाल मिळतात. त्याऐवजी वाणिज्य, संगणक आणि भाषा ह्या विभागांचा एकेक विद्यार्थी घेऊन तिघांची तुकडी करावी आणि तिला गावातली एकच अडचण द्यावी. अनगोळच्या रस्त्यावरचा पंक्चरवाला, वडगावचा विणकर, आपल्याच ग्रंथालयाचा देवघेवीचा कट्टा, काहीही चालेल. गुण उपायाला देऊ नयेत. अडचण किती नेमकी सापडली, त्याला द्यावेत.

आणि नोकरी मिळाल्यावर पहिली वर्षे कशी असतात? बरीचशी कंटाळवाणी. माझ्या तक्रार विभागातल्या पहिल्या वर्षात "पावती कोरी येते" ही तक्रार मी शेकडो वेळा ऐकली. आमचे इंजिनिअर म्हणत, प्रोग्रॅम बरोबर आहे, आणि तो बरोबरच होता. मी जयनगरातल्या तीन दुकानांत जाऊन उभा राहिलो तेव्हा दिसले, की रोल संपला की पोऱ्या घाईत नवा रोल उलटा घालतो. त्या यंत्राचा कागद एकाच बाजूने छापला जातो. नखाने ओरखडा काढला की काळी रेघ उमटते ती बाजू. पुढच्या आवृत्तीत आम्ही 'छपाईत अडचण' हा संदेश काढून टाकला आणि त्या जागी नखाने ओरखडा काढणाऱ्या बोटाचे एक चित्र घातले. फोन कमी झाले. मराठी, कन्नड, तमिळ असे वेगवेगळे मजकूर लिहून घेण्याचा खर्चही वाचला.